साफ केलेलं गाणं

४ फेब्रुवारी

चिरंजीवास,

आशीर्वाद आहेतच. दर पत्रात ते नव्याने लिहायला हातात आता तेवढा जोर नाही.

पार्सल पोचलं. मोठा खोका, त्यात लहान खोका, त्यात फुगे फुगे असलेला प्लास्टिकचा कागद आणि त्याच्या पोटात काड्यापेटीएवढं यंत्र. डोंगर पोखरून उंदीर काढला. चिठ्ठी मात्र कुठे नव्हती. खोक्यावर माझा पत्ता तुझ्या अक्षरात होता, तोच दोनदा वाचला.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी यंत्र चार्ज करून दिलं. म्हणाल्या, "आजी, यात एकशे बारा फाइली आहेत." मी म्हटलं, "फाइली नव्हेत हो, मैफली. नवरा आहे माझा तो." त्या हसल्या. त्यांनीच ती बोंडं कानात कशी घालायची ते दाखवलं. माझे कान लहान, एक बोंड बसवलं की दुसरं सुटतं. शेवटी डोक्याला रुमाल बांधून बसले. पेपरवाला बिल घेऊन दारात आला, त्याला वाटलं माझी दाढ दुखतेय.

मग बटण दाबलं आणि तुझे बाबा थेट डोक्यात गायला लागले.

अठ्ठावीस वर्षं मी तंबोरा घेऊन त्यांच्या मागे बसले. माझ्यासाठी त्यांचं गाणं म्हणजे त्यांची पाठ. डावा खांदा वर गेला की तान येणार, मान खाली गेली की आज आवाज लागत नाहीये, हे मला पहिल्या रांगेच्या आधी कळायचं. आता पाठ नाही, मान नाही, माणूस नुसता दोन कानांच्या मधोमध. इतक्या जवळ ते हयातीत कधी आले नव्हते. मरून सहा वर्षं झाल्यावर सवड मिळाली त्यांना.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि सगळं उलटंपालटं झालं. संथ आलाप सुरू होतो न होतो तोच तिसऱ्याच मैफलीतली धावती तान, मग टाळ्या, मग कुणाचा तरी खोकला, मग सकाळच्या रागाच्या डोक्यावर रात्रीचा राग. नर्सबाई म्हणाल्या, याला शफल म्हणतात, लोकांना आवडतं. आवडो बापडं. त्यांनी ते बंद करून दिलं.

एक विचारायचं आहे. पण आधी नीट ऐकते, मग विचारते. उगाच उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं नको.

आई


१९ फेब्रुवारी

चिरंजीवास,

अकरा मैफली ऐकून झाल्या. भाजी आणायला जाताना ऐकते, बँकेच्या रांगेत ऐकते, कणीक मळताना ऐकते. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे माझा नंबर पुकारला तो ऐकूच आला नाही, दुसरीच बाई आत जाऊन बसली.

तंबोरा कुठे गेला?

आधी मी माझ्या कानांना दोष दिला. मग बोंडं बदलली. मग आवाज पार वरपर्यंत नेला. पेटी ऐकू येते, तबला येतो, बाबांचा श्वास येतो, घोट घेतल्यावर पेला खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा येतो. तंबोरा नाही. नर्सबाईंच्या कानात घालून विचारलं, "मागे काही वाजतंय का?" त्या म्हणाल्या, "काही नाही आजी, किती स्वच्छ आहे!"

तेच ना. सूर कशाला धरून उभा आहे, ते तिथे नाहीच. तुझ्या बाबांचा आवाज दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा लोंबतोय, आत माणूस नाही. दोन तानांच्या मध्ये ते थांबायचे ना, तेव्हा सभागृहात कधीच शांतता नसायची. तिथे तंबोरा असायचा. तुझ्या यंत्रात तिथे भोक आहे, आणि दर वेळी मी त्यात पडते.

तू आवाजाच्या धंद्यातला माणूस. तुला हे दिसलं नाही असं मी कसं मानू?

पत्रानेच उत्तर दे. फोनवर मी रडते आणि तू "रेंज नाही" म्हणतोस.

आई


८ मार्च

चिरंजीवास,

तुझं टाइप केलेलं पान मिळालं. सही तरी हाताने केलीस, उपकार झाले.

तू समजावलंस ते मला समजलं. जुन्या टेपांत सतत एक गुणगुण होती. तुझ्या यंत्राला ती ओळखायला शिकवलंस. जो आवाज सुरू झाला की शेवटपर्यंत थांबत नाही, चढत नाही, उतरत नाही, तो कचरा. तो पुसायचा. तंबोराही तसाच, म्हणून तोही "थोडासा" गेला. ऐकणाऱ्याला जाणवत नाही म्हणतोस.

तुझ्या यंत्राला मी नावं ठेवत नाही. जे न थांबता मागे चालू असतं ते कुणाच्या लक्षात येत नाही, ही काही यंत्राने काढलेली नवी टूम नव्हे. मी संसार केलाय.

पण पानाच्या मागे तू जे जोडलं आहेस, त्याने मात्र माझा डोळा लागलेला नाही. बाबांच्या वाढदिवसाला, चौदा एप्रिलला, सगळ्या एकशे बारा मैफली तू नेटवर लावणार, कुणीही फुकट ऐकाव्यात. चांगलं आहे. आणि एकशे बाराव्या मैफलीखाली तू लिहिलंयस: "या शेवटच्या कार्यक्रमात बुवांचा कान त्यांना सोडून गेला होता. तरीही ते गात राहिले. हा या संग्रहातला सर्वात प्रामाणिक क्षण आहे."

बुवा! बाप म्हणायला लाज वाटते का?

ती मैफल लावू नकोस. एकशे अकरा लाव. आकडा विषम राहिला म्हणून कुणी तुला फाशी देणार नाही.

आई


२२ मार्च

तू विचारतोस, का. आई सांगते हे कारण पुरेनासं झालं, ते वय गेलं तुझं, कबूल.

तू लिहितोस, "बाबांनीच मला खरं बोलायला शिकवलं आणि एकदा खरं बोललो तर मेल्यावरच तोंड दाखवलं." तुझ्या या वाक्याचा मला राग आला आणि मग आला नाही. त्या शेवटच्या मैफलीच्या संध्याकाळी गाडीत तू म्हणालास, "बाबा, आता थांबा. लोक हसतायत." ते म्हणाले, "तू माझ्या कानाला शिकवणार?" मग पुढे चार वर्षं बापलेक एकमेकांशी बोलला नाहीत. दोघेही सारखेच हट्टी. आडात तेच, पोहऱ्यात तेच. मी मागच्या सीटवर होते. मी तेव्हाही मागेच होते.

त्यांच्या कानाला काहीही झालं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे मी तीनदा घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून, डोक्यावर हेडफोन चढवून, बारीक बारीक आवाज ऐकवले. तिन्ही रिपोर्ट चांगले आले. या पाकिटात घातले आहेत, बघ.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. मैफल काढ.

आई


३० मार्च

चिरंजीवास,

रिपोर्ट परत पाठवलेस. "बहिरेपणाची तपासणी वेगळी आणि सुराची वेगळी" असं वर लिहून. बरोबर आहे. आणि खाली लिहिलंयस, "तुला त्यांची अब्रू झाकायची आहे, मला कळतं." इथे मात्र तू चुकलास. अब्रू झाकायची आहे, पण त्यांची नाही.

काल ती एकशे बारावी मैफल ऐकली. इतके दिवस तिला बोट लावलं नव्हतं. बागेतल्या बाकावर बसले, शेजारी एक म्हातारा पेपर वाचत होता, आणि माझ्या डोक्यात तुझे बाबा बेसूर होत गेले. पेटी एकीकडे, ते दुसरीकडे. मग पेटी गप्प होते, आणि ते एकटेच खाली खाली घसरत जातात. तू साफ केलेल्या गाण्यात ते अगदी लख्ख ऐकू येतं. कुणीही म्हणेल, म्हाताऱ्याचा कान गेला आणि वर मिजास अशी की पेटीवाल्याला गप्प केलं. मीही तसंच म्हटलं असतं, मला माहीत नसतं तर. म्हाताऱ्याने पेपर बाजूला करून विचारलं, "बरं वाटत नाही का बाई?" मी उठून घरी आले.

आता ऐक. मध्ये थांबू नकोस, पत्र संपेपर्यंत वाच.

त्या मैफलीच्या दिवशी दुपारी बाबा बाजारातून एक यंत्र घेऊन आले. जुन्या रेडिओएवढा डबा. बटण दाबलं की त्यातून तंबोरा वाजतो. हवा तो सूर लाव, हवा तेवढा वेळ. टेबलावर ठेवून लहान मुलासारखे बटणं फिरवत होते. मग मला म्हणाले, "आजची तुझी शेवटची. पुढच्या वेळेपासून बसायला नको. गुडघे दुखतात ना तुझे."

मी विचारलं, "मग मी काय करू?"

म्हणाले, "समोर बसून ऐक की मजेत!"

हे ते मायेनं म्हणाले की नको असलेली वस्तू माळ्यावर टाकताना म्हणतात तसं म्हणाले, मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी ठरवून टाकलं होतं. अठ्ठावीस वर्षं आणि एक डबा. तोही घासाघीस करून आणलेला.

दोन दिवसांपूर्वीच मी तंबोऱ्याच्या तारा बदलल्या होत्या. नवी तार बसायला वेळ घेते, तोवर ती हळूहळू उतरत राहते. त्यात डोक्यावर दिव्यांची धग. अशा वेळी मागे बसणाऱ्याचं काम एकच असतं. चार-पाच मिनिटांनी तारेखालचा मणी बोटाच्या टोकाने जरासा सरकवायचा आणि सूर जागेवर आणायचा. छेडणं थांबत नाही, गाणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्यांना कधीच पत्ता लागला नाही, कारण मी ते कधी चुकवलं नाही.

विसाव्या मिनिटाला जोडाच्या तारा उतरायला लागल्या. जोडाच्या म्हणजे मधल्या दोन, ज्यांच्या षड्जावर गाणारा उभा असतो. मला कळलं. तुझ्या सगळ्या यंत्रांच्या आधी मला कळतं. बोट मण्याकडे निघालं आणि मी ते थांबवलं.

म्हटलं, बघू तरी माझ्यावाचून काय होतं ते. दोन मिनिटं. मग सावरीन. त्यांनी एकदा मागे वळून बघावं, एवढीच इच्छा होती. रागाने का होईना, वळून बघावं.

ते वळले नाहीत. तार खाली आली तसे तेही खाली आले. पेटीवाल्या काकांनी घाबरून खरा षड्ज दाबून धरला, तर यांनी हात करून त्यांना थांबवलं. पेटी चुकतेय असं वाटलं त्यांना! पंचवीस वर्षं साथ करणारा माणूस चुकेल, लाकडात बसवलेले सूर चुकतील, पण मागचा तंबोरा चुकणार नाही. माझ्याकडे वळून बघायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती, ती यामुळे. मी ते इतकी वर्षं वेगळंच समजत आले.

हे मला त्याच क्षणी कळलं. आणि तेव्हा मण्याला हात लावायचं धाडस होईना. मध्येच तार चढवली असती तर समोर बसलेल्यांना कळलं नसतं, पण त्यांना कळलं असतं. म्हणून मी उतरलेल्या तारा तशाच छेडत राहिले. चाळीस मिनिटं. काकांनी शेवटी पेटी पुन्हा सुरू केली तेव्हा दोघांच्या मध्ये एवढी दरी होती की तिसऱ्या रांगेतला माणूस हसला.

तू आवाजाच्या टेबलाशी होतास. तंबोऱ्याचा माइक तू नेहमी खाली ठेवायचास, "गळ्यावर येतो" म्हणून. त्यामुळे सभागृहात कुणालाच तो धड ऐकू गेला नाही आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्येही जेमतेम आला. जेमतेम आला होता तो आता तू पुसलास. तुला दोष देत नाहीये. तू जे ऐकलंस ते गाडीत बोललास, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते.

बाबा स्टेजवर मांडीशी एक छोटा टेपरेकॉर्डर ठेवायचे, तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर स्वतःच्या चुका ऐकायचे. त्या सकाळी त्यांनी कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "फेकून दे." ती त्यांनी ऐकली असती तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. तो रेकॉर्डर माझ्या तंबोऱ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी ती फेकली नाही. शिलाई मशीनच्या खणात ठेवली. आणि लावूनही दाखवली नाही.

चार वर्षं, बाळा. चार वर्षं ते रोज सकाळी तो डबा लावून बसायचे. पाच-सात मिनिटं गायचे आणि थांबायचे. मग मला हाक मारायचे, "अगं, जरा ऐक. हे यंत्र उतरतंय की मी?" मला विचारायचे. मला! मी दारात उभी राहून म्हणायची, "मला नाही कळत त्यातलं." एकदा तर म्हणाले, "तुझा तंबोरा असता तर कळलं असतं." तो कोपऱ्यात खोळीत उभा होता. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

पुढे गाणं बंद झालं. मग बोलणं कमी झालं. तुझं नाव मात्र निघायचं. म्हणायचे, "पोरगं खरंच बोललं होतं, मीच चिडलो. त्याला कळवायला हवं." मी म्हणायची, कळवा. पण त्यांचा हात धजावला नाही. मी कळवलं असतं तर तू आला असतास. तू आला असतास तर बोलणं त्या संध्याकाळवर गेलं असतं. म्हणून मी कळवलं नाही. ते तुझ्यावरचा राग पोटात घेऊन गेले असं तू धरून चाललायस, आणि मी तसं धरू दिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. दहा वर्षं खवखवतंय.

तू त्यांच्यावर चिडून राहिलास, ते स्वतःवर चिडून गेले. ज्या बाईवर चिडायचं ती त्यांना रोज जेवायला वाढत होती.

पत्र आज टाकणार नाही. उद्या टाकीन. उद्या धीर झाला नाही तर परवा.


४ एप्रिल

पत्र चार दिवस पर्समध्ये होतं. आता सोबत हेही घालते.

नर्सबाईंनी एका कॅसेट दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला. कॅसेट घेऊन गेले, म्हटलं, ही या यंत्रात बसवून द्या, आणि माझ्या मुलाला कशी पाठवायची तेही बघा. तो चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं ऐकत होता. म्हणाला, "आजी, गाण्यापेक्षा मागची गुणगुणच मोठी आहे. साफ करून देऊ?"

मी म्हटलं, "हात लावाल तर बघा. ती गुणगुण मी आहे."

घाबरला बिचारा. पैसेही कमी घेतले.

येताना रस्त्यात ऐकत आले. तंबोरा इतका जवळ आहे की त्याच्या आड बाबा लांब वाटतात, मागच्या खोलीत गात असल्यासारखे. विसाव्या मिनिटाला तार उतरायला लागते. तू ऐक, तुझा कान तयार आहे. तार उतरते आणि ते एक श्वास थांबतात. त्यांना शंका आली होती. एकच श्वास. मग ते माझ्या सुरावर येतात आणि त्यावर मिळून गातात, अगदी चोख. चाळीस मिनिटांत ते माझ्यापासून एकदाही केसभर सुटलेले नाहीत. बेसूर माणसाला हे जमत नाही. मी चौकात उभी राहिले, गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि मला लाजेने मरावंसं वाटलं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती म्हणून तुला लिहिते आहे.

तुझ्याकडे ती मैफल दोन-तीन दिवसांत पोचेल. ऐकल्यावर तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन.

मैफल काढ म्हणत होते, ते मागे घेते. चौदा तारखेला लाव. पण ही लाव, न पुसलेली. आणि तुझं ते "कान सोडून गेला" काढून टाक. त्या जागी लिही की तार उतरली होती आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या बाईला ते कळत होतं. अठ्ठावीस वर्षांत एकाही पत्रिकेवर, फलकावर, कॅसेटच्या वेष्टणावर त्या बाईचं नाव आलं नाही, आणि तिनेही कधी मागितलं नाही. आता मागते आहे. माझं पूर्ण नाव लिही. नुसतं "आई" लिहू नकोस.